काकाने आईचा आवाज टेपवर उतरवला

आमच्या घरात एसी होता, पण तो माणसांसाठी नव्हता. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं तीन खोल्यांचं घर. त्यातली रस्त्याकडची सगळ्यात मोठी खोली बाळूकाकाच्या कॉम्प्युटरला दिलेली, आणि एसी त्या खोलीत. बाळूकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, लग्नाच्या शूटिंगचा धंदा करणारा. दारावर ‘बाळू व्हिडिओ मिक्सिंग सेंटर’ अशी पाटी. बाकी सगळे आम्ही, म्हणजे आई, बाबा आणि मी, मधल्या खोलीत एका पंख्याखाली. तो पंखा फिरायचा कमी आणि फिरण्याचा विचार जास्त करायचा. एप्रिल-मेमध्ये आमच्या अंगावरून गोदावरी वाहायची आणि शेजारच्या खोलीत तो कॉम्प्युटर सिमल्याला गेल्यासारखा गार बसलेला असायचा. बाबा एसटीच्या आगारातून घामाघूम होऊन आले की बहाणा करून त्या खोलीत शिरायचे. "बाळू, काय चाललंय?" असं विचारत एसीखाली उभे राहायचे. काका लगेच म्हणायचा, "दादा, बाहेर बसा. तुमच्या अंगाच्या वाफेने मशीन तापतं." मोठा भाऊ, घरात पगार आणणारा माणूस, निमूट बाहेर यायचा. माझ्या बापाचा असा अपमान कुठल्या साहेबानेही कधी केला नाही.

त्या यंत्राचे लाड सांगायला बसले तर वेगळं पुस्तक होईल. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार, आणि रोज सकाळी उदबत्ती. पण उदबत्तीचा धूर आत जाऊ नये म्हणून ती खिडकीबाहेर लावलेली. स्वयंपाकघरावर तर त्याचं राज्यच. काकाचं काम सुरू असलं की मिक्सर लावायचा नाही, कारण मिक्सर लावला की वीज खाली-वर होते आणि मशीन ‘हँग’ होतं. मग आई पाट्यावर चटणी वाटायची. फोडणी द्यायची नाही, कारण मोहरीचा धूर मशीनच्या पंख्यात जातो. काळा मसाला करायला मिरच्या भाजायला घेतल्या की काका नाकाला रुमाल लावून धावत यायचा, "वहिनी, मशीनला ठसका लागेल!" मशीनला! आम्ही सगळे शिंकून शिंकून अर्धमेले झालेलो, आणि हा यंत्राच्या छातीला हात लावून बघणार. त्या काळात आमच्या घरात जे बिनफोडणीचं वरण शिजलं, तेवढं एखाद्या मोठ्या दवाखान्यातसुद्धा शिजलं नसेल. मेथी नुसती वाफवलेली, पिठलं पांढरंफटक. मी आजही कुणाकडे बिनफोडणीचं वरण वाढलं की आधी शेजारच्या खोलीत कॉम्प्युटर आहे का ते बघते.

आता काकाच्या कलेबद्दल. काकाने शूट केलेलं लग्न तुम्ही पाहिलं नसेल तर आयुष्यात एक दुःख कमी आहे. नवरी गुलाबाच्या फुलातून उगवायची. नवरा स्वित्झर्लंडच्या बर्फावर तरंगायचा, पायात पंचवटीतली चप्पल. अक्षता पडताना पडद्यावर बदामाचे आकार फुटायचे, आणि सासऱ्याच्या डोक्यावर चुकून दोन बदाम बसायचे. हे सगळं चालवून घेतलं असतं. पण लग्नातला एकही आवाज काका ठेवायचा नाही. मंगलाष्टकं नाहीत, रडणं नाही, भटजींचं खेकसणं नाही. सगळा आवाज पुसायचा आणि वरून सिनेमाची गाणी चिकटवायची. हे एकट्या काकाचं पाप नव्हे. आख्ख्या जिल्ह्यातले शूटिंगवाले हेच करत. त्यामुळे काकाच्या कॅमेऱ्याचा माईक केव्हाच मेला होता आणि त्याचं सुतक कुणालाही आलं नव्हतं.

आणि यात सगळ्यात जास्त पुसली गेली ती माझी आई. आई निफाडकडची. हळदीची गाणी म्हणावीत तर तिनेच. आमच्या भागात कुणाच्याही घरी हळद असली की आधी आईला निरोप यायचा, मग हळद दळायला घ्यायची. आईचा आवाज बारीक, उंच, आणि असा धारदार की मांडवात तिने पहिली ओळ उचलली की नदीपलीकडच्या भांडीबाजारातल्या तांब्याच्या घागरी घुमायच्या. एकदा तर तिच्या एका तानेने वरच्या मजल्यावरचा कुकर शिट्टी द्यायचा थांबला. त्याला लाज वाटली. खोटं वाटत असेल तर त्या घरात जाऊन विचारा. ते लोक घर विकून गेले असतील तर तो माझा दोष नाही. तिची गाणी म्हणजे निव्वळ टोमणे. नवऱ्याकडच्या माणसांची अशी धुलाई, की ज्याची धुलाई होतेय तोच टाळ्या वाजवायचा:

हळद दळिते घाईघाई, पिवळं झालं जातं,
व्याह्याच्या दारी, बाई, मांजर पाणी पितं.

दूध नाही, पाणी! म्हणजे घर किती चिक्कू ते समजून घ्या. असं गाणाऱ्या या बाईचं काकाच्या व्हिडिओत काय व्हायचं? तोंड उघडलेलं, मानेच्या शिरा ताणलेल्या, हातात हळदीचं ताट, आणि गळ्यातून कुणीतरी सिनेमातली नटी गातेय. नाशिकमधल्या प्रत्येक घरातल्या कपाटात माझ्या आईचं तोंड आहे आणि आवाज कुठेही नाही. एकदा अशीच एक कॅसेट बघताना आई हळूच मला म्हणाली होती, "वंदू, सगळं जग ऐकतं म्हनतेत. मीच नाय ऐकलं कधी. मी म्हनती कशी, येकदा बाहेरून ऐकायचंय मला." बाहेरून म्हणजे दुसऱ्याला जसं ऐकू येतं तसं. तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एवढी एकच गोष्ट. साडीसुद्धा तिने कधी मागितली नाही. अर्थात मागितली असती तरी बाबांनी रंग चुकवलाच असता.

मग समोरच्या घरातल्या सुनंदाच्या लग्नात नवऱ्याचा एक चुलतभाऊ आला, चिन्मय नावाचा, न्यू जर्सीहून. अर्धी चड्डी, बाटलीतलं पाणी, आणि मुठीत मावेल एवढा कॅमेरा. या मुलाला काय शूट करावं याची काडीची अक्कल नव्हती. नवरा-नवरी सोडून तो गाईचं शेण, विजेच्या तारा, आचाऱ्याचं पोट असं काय काय घेत हिंडत होता. त्या नादात हळदीच्या वेळी तो आईसमोर येऊन बसला आणि आख्खं गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्याने घेतलं. आवाजासकट. परदेशात राहून माणूस बिघडतो म्हणतात. हा बिघडला होता म्हणून बरं, शहाणा असता तर नवरीच्या शालूचं शूटिंग करत बसला असता. जाताना त्याने एक सीडी माझ्या हातात ठेवली. "आंटींचं साँग आहे," म्हणाला, आणि अमेरिकेत नाहीसा झाला.

नेमकं तेव्हाच मुंबईच्या एका मराठी चॅनेलवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम चालू होता. गावोगावच्या बायकांनी गाणी पाठवायची, निवडलेलं गाणं रविवारी दुपारी दाखवणार. अट एकच: टेपवर पाठवा. छोटी, काडेपेटीएवढी टेप असते, ती. सीडी चालणार नाही, फाईल चालणार नाही. आता ही अट ऐकल्यावर कुणीही म्हणेल, मग आईला बसवा आणि पुन्हा म्हणायला लावा. पण काकाच्या कॅमेऱ्याचा माईक स्वर्गवासी, हे एक. दुसरं म्हणजे आई साफ नाही म्हणाली. "हळद लागत आसंल तरच हळदीचं म्हनायचं. रिकाम्या घरात म्हटलं तर कुनाच्या अंगाला लागायची ती हळद?" तेव्हा आईचा जो काही आवाज होता तो त्या एका सीडीवर होता, आणि सीडी बाळूकाकाच्या हातात होती. देवाची विनोदबुद्धी फार हलकी आहे.

काकाने सीडी घातली. पडदा काळा. आवाज नाही, चित्र नाही. काकाने डोळे बारीक केले, खुर्चीत मागे रेलला आणि डॉक्टरसारखा म्हणाला, "वंदू, ही फाईल दाबलेली आहे."

"कोणी दाबली?"

"अमेरिकेने. तिकडे सगळं दाबून ठेवतात, जागा कमी लागते. दाबलेली फाईल आपल्याकडे कापता येत नाही, जोडता येत नाही, टेपवर उतरत नाही. आधी फुगवायची. कुरडई कशी असते, वाळलेली मुठीत मावते, तेलात टाकली की ताटभर होते. तशी ही फुगवायची, मग उतरवायची."

काकाने आयुष्यात काढलेलं सगळ्यात शहाणं वाक्य ते, म्हणूनच ते दुसऱ्या कुणाचं तरी असणार अशी माझी अजून खात्री आहे.

फुगवण्याचं यंत्र, म्हणजे तो प्रोग्रॅम, काकाने कुठल्यातरी कळकट सीडीवरून घरात घेतलेला. त्यातले प्रश्न इंग्रजीत यायचे म्हणून मला शेजारी बसवलं. मी बी.कॉम.ला होते, माझं इंग्रजी फार नव्हतं, पण काकाशेजारी मी विलायतेची राणी होते. पहिल्यांदा फाईल फुगली ती निळी. नवरी निळी, आई निळी, ताटातली हळद निळी. हळद लागण्याऐवजी सगळ्यांना नीळ घातलेली. आई दारातून डोकावली आणि म्हणाली, "हे लग्न कुनाचं, धोब्याचं?" दुसऱ्यांदा चित्र बरं आलं तर आवाजाच्या जागी मधमाश्या. तिसऱ्यांदा सगळं नीट चढत होतं, काका श्वास रोखून बसलेला, आम्ही घरात चवड्यावर चालतोय, स्वयंपाकघरात कच्चं वरण थंड होतंय, आणि लाइट गेली. लोडशेडिंग. फाईल जिथे होती तिथेच मेली. पुन्हा पहिल्यापासून. काकाने वीज मंडळाला ज्या शिव्या दिल्या त्या ऐकून भाजीबाजारातल्या बायका कोथिंबीर निवडायची थांबल्या. त्यांना नवीन शब्द मिळाले.

या सगळ्या दिवसांत पाट्यावर चटणी वाटता वाटता आईचा हात मध्येच थांबायचा. "भाऊजी, आलं का ऐकू?" "येतंय वहिनी, येतंय. आवाज यायला वेळ लागतो. अमेरिकेचा आहे." "आवाज माझा हाय ना? मग निफाडहून यील." आणि पुन्हा वरवंटा सुरू.

चौथ्या खेपेला फाईल फुगवायला घेतली तेव्हा पडद्यावर एक चौकट आली. मी वाचली. "काका, हे म्हणतंय, या चित्राचा वेग वेगळा आहे आणि आपल्याकडचा वेगळा आहे. अमेरिकेचं एका सेकंदाला जास्त चित्रं धरतं. आपल्याइतका वेग करून टाकू का, असं विचारतंय."

"विचारतंय ना? मग करू दे."

"पण काका, वेग बदलला तर—"

"अगं, एवढं नम्रपणे विचारणारं या घरात दुसरं कोण आहे? येस!"

आणि माझ्या हाताखालचा माऊस ओढून त्याने स्वतःच येस दाबलं. काकाचं तत्त्वच होतं ते. यंत्राने काहीही विचारलं की येस. ‘सगळं पुसून टाकू का?’ येस. ‘खरंच पुसू का?’ येस. त्याचं लग्न तेवढं राहिलं, कारण मुली त्याला विचारायच्या नाहीत. विचारलं असतं तर त्याने कुठल्याही मुलीला येस म्हटलं असतं.

मग टेपवर उतरवण्याचा दिवस आला. उतरवणं म्हणजे कॉम्प्युटरातलं चित्र तारेने कॅमेऱ्यात पाठवायचं आणि गाणं जेवढं लांब तेवढा वेळ टेप फिरू द्यायची. काकाची पक्की समजूत होती की त्या वेळी घरात जो आवाज होईल तो टेपवर जातो. तारेतून चित्र जातंय, माईक मेलाय, तरी घरातला आवाज कुठून जाईल? हा प्रश्न मी विचारला तर काका म्हणाला, "विज्ञान आहे ते. तुला नाही कळणार." त्यामुळे त्या दुपारी आमच्या घरात संचारबंदी. नळ बांधला. घड्याळातला सेल काढला. बाबांना खोकला येतो म्हणून त्यांना रामकुंडावर पाठवलं. भाजीवाल्याला गल्लीच्या तोंडाशी अडवून धरलं. छपरावरच्या कबुतरांना हाकलायला शेजारच्या हिरामावशी काठी घेऊन बसल्या. या हिरामावशी म्हणजे आईच्या गाण्याला झील धरणाऱ्या, जाडजूड, पान खाणाऱ्या. त्यांना गप्प बसवणं म्हणजे इंजिनाला हाताने थांबवणं. आणि आई स्वयंपाकघरात बसलेली. "वहिनी, बांगड्या!" काका ओरडला, तेव्हा तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. तिचाच आवाज उतरवण्यासाठी तिलाच श्वास घ्यायची बंदी.

कानाला ते डबड्याएवढे हेडफोन लावून काका एकटाच ऐकत होता. स्पीकर तर आधीच बंद पडले होते. मध्येच त्याने डोळे मिटले, मान डोलावली, आणि आम्हाला अंगठा दाखवला. टेप संपल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, "कसं आलंय?"

"वहिनी, बेस आलाय! असा बेस मी आजवर काढला नव्हता."

"बेस म्हंजे?"

"भारदस्त."

आई लाजली. स्वतःच्या लग्नात लाजली नसेल इतकी. मी म्हटलं, मला ऐकू द्या. तर काका म्हणाला, टेप एकदा फिरवली की तिचा पापुद्रा झिजतो, आता चॅनेलवरच ऐकायचं. आणि मग त्याने ती एक गोष्ट केली, जी फक्त शूटिंगवालाच करू शकतो. चिन्मयची सीडी पुन्हा वापरता येणारी होती. काम झालं, चांगली सीडी वाया कशाला घालवायची, म्हणून त्याने ती पुसली आणि तिच्यावर एका डोहाळजेवणाचे फोटो भरले. कॉम्प्युटरातली फुगलेली फाईलसुद्धा पुसली, कारण तिने सगळी जागा अडवली होती. यंत्राने विचारलं असणार, खरंच पुसू का? उत्तर तुम्हाला माहीत आहे. टेप मुंबईला गेली.

पुढे एके दिवशी दुपारी फोन आला. चॅनेलवरचे कुणी साहेब. मी घेतला. "त्या गाणाऱ्या ताई आहेत का? काय आवाज आहे हो! हा मातीचा खर्ज आज शहरात ऐकायला मिळत नाही. आम्ही सगळे स्तब्ध झालो." मी धन्यवाद म्हटलं आणि आईला सांगितलं की तुझं गाणं निवडलं, रविवारी लागणार. ती मटकन पिठाच्या डब्यावर बसली.

"काय म्हनले?"

"तुझ्या आवाजातला खर्ज आवडला म्हणे."

"खर्ज म्हंजे?"

"खालचा, जाड आवाज."

आईने जरा विचार केला. "माझा? फोन दुसऱ्या बाईला लागायचा आसंल गं."

काका आतून ओरडला, "वहिनी, ते मोठे लोक आहेत! त्यांना जे ऐकू येतं ते आपल्याला नाही येत!" हे मात्र अक्षरशः खरं ठरलं.

रविवारी आमच्या मधल्या खोलीत एवढी माणसं कोंबली गेली की भिंती बाहेरच्या बाजूला फुगल्या. टीव्ही फळीवर. हळद जिची होती ती सुनंदा माहेरपणाला आलेली, तिला मानाने पुढे बसवलं. हिरामावशी पान न खाता आल्या, म्हणजे प्रसंग केवढा ते बघा. आई नवी साडी नेसली, आणि सगळ्यात मागे दाराशी उभी राहिली, हातात चहाच्या कपांचा ट्रे घेऊन. काकाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि प्रत्येकाला सांगत होता, "मिक्सिंग आपलंच." त्या दिवशी मशीन बंद म्हणून घरात फोडणी पडली होती, पोह्यांचा, कढीपत्त्याचा वास सगळ्या गल्लीत गेला होता.

पडद्यावर एक रेशमी कुर्त्यातला गृहस्थ आला. हात जोडून, मान वाकडी करून म्हणाला, "सह्याद्रीच्या कड्याकपारीतून घुमत आलेला हा स्वर..." आईचं गाव निफाडकडचं. तिथे द्राक्षांचे मळे आणि तळहातासारखी जमीन; कडा सोडा, सायकल चालवताना दम लागेल असा चढसुद्धा नाही. पण शहरातल्या या शहाण्यांना बाई नऊवारी नेसली की तिच्या मागे डोंगर दिसतो. बोलून बोलून तो दमला, आणि मग आई दिसली. हळदीचं ताट, कपाळावर घाम, मागे मांडव. सगळ्यांनी "आली, आली" केलं. आईने पडद्यावर तोंड उघडलं.

आणि त्यातून रेडा बोलला.

मी अतिशयोक्ती करत नाही, म्हणजे इथे तरी करत नाही. जाड, ओढलेला, झोपेतून उठवलेल्या पहिलवानासारखा आवाज: "हळऽऽद दळिऽऽते घाऽऽईघाऽऽई..." घाई कसली, बैल चिखलात रुतल्यासारखी ओळ. पडद्यावरची आई पापण्यासुद्धा सावकाश मिटत होती. ताट हलवत होती ते पाण्याखालून हलवल्यासारखं. तो नम्र प्रश्न मला तिथेच आठवला. वेग आपल्यासारखा केला म्हणजे तेवढीच चित्रं जास्त वेळ दाखवायची, आणि त्यात आख्खी आईच ताणली होती, चित्र आणि गळा दोन्ही, ओल्या पिठासारखी. कुणीतरी सभ्यपणे म्हणालं, "छान आलंय." दुसरीने "भारदस्त" म्हटलं, हा शब्द काकानेच पसरवला असणार. बाबा पोह्यांकडे बघत होते. काका डोळे मिटून मान डोलावत होता, "बेस बघा, बेस!"

मी मागे वळून बघितलं. आईच्या हातातला ट्रे तसाच होता, पण तिचा चेहरा असा झाला होता की तिच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ती एवढी पोरकी दिसत नाही. ती हळूच, जवळच्या दोघी-तिघींनाच ऐकू जाईल अशी म्हणाली, "अशी म्हनती का मी?"

इतकी वर्षं एक गोष्ट ऐकायची राहिली होती, ती ऐकायला मिळाली, आणि ती ही.

"अशी म्हनती? इतकी वरसं? मग तुम्ही सांगितलं कसं नाय गं मला?"

तेव्हा हिरामावशी उठल्या. त्यांना उठताना बघून टीव्हीसमोरची पोरं आपोआप बाजूला झाली. "कोन म्हनतं आसं? हा कोन बाप्या कोकलतोय तुझ्या तोंडातनं? ए बाळू! काय केलंस रे हिचं?"

"मावशी, ते मिक्सिंग आहे. चॅनेलवाल्यांना आवडलंय."

"त्यांच्या कानात काय मेण घातलंय? मी हिच्या शेजारी बसून झील धरती. माझ्या डाव्या कानाला इचार हिचा आवाज कसा हाय ते. बहिरा झालाय तो तिच्यापायी!"

आईने ट्रे माझ्या हातात दिला. माणसांच्या पायांमधून वाट काढत ती पुढे गेली, फळीवरचा रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. काका उभा राहिला. "वहिनी, अहो, आख्खा महाराष्ट्र बघतोय!"

"बघू द्या. भाऊजी, तुम्ही खाली बसा." आयुष्यात पहिल्यांदा तिने काकाला बस म्हटलं आणि काका बसला. मग ती सुनंदाकडे वळली. "पोरी, तिथं तुला हळद लागतीया ना?" पडद्यावर खरंच सुनंदाच्या गालाला हळद लागत होती, फार सावकाश. सुनंदा म्हणाली, "हो काकू." "मग चालतंय."

आणि आईने ओळ उचलली, अगदी तीच, जी पडद्यावरच्या बाईच्या ओठांवर होती.

काय सांगू! फळीवरचे स्टीलचे डबे वाजले. मोरीतल्या बादलीतल्या पाण्याला तरंग आले. बाहेरचे रिक्षावाले इंजिन बंद करून दारात उभे राहिले, आणि नाशिकच्या रिक्षावाल्याने इंजिन बंद करणं म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याला कळलं. हिरामावशींनी झील धरली. मागच्या बायकांनी टाळ्यांचा ठेका घेतला. आईने तो व्याही आणि ते मांजर असं फेकलं की नवऱ्याकडची माणसं तिथे हजर नसूनही आम्हाला त्यांची कीव आली. पडद्यावरची बाई पहिल्या कडव्यात अजून तोंड वासत होती तेव्हा आई दुसऱ्यात गेली:

नवऱ्याची मावळण, बाई, बसली रुसून,
लाडवाचं ताट तिनं नेलं पुसून.

सुनंदा हसत हसत रडायला लागली, कारण मावळण म्हणजे नवऱ्याची आत्या, आणि ती बाई खरंच तशी होती. बाबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि आईकडे असं बघितलं जणू ही बाई घरात कुणी आणली असा प्रश्न त्यांना पडलाय. आजकाल माझ्या मोबाईलवर कुठलीही फाईल बोटाच्या टोकाने कशातूनही कशातही बदलते, कोणी काही विचारत नाही, आणि तरीही मला सांगता यायचं नाही की त्या दुपारी खोलीत जो आवाज होता तो कशात उतरवायला हवा होता. त्या दुपारी कुणीही काही उतरवत नव्हतं. काकासुद्धा नाही, तो मांडीवर हात ठेवून, तोंड उघडं टाकून नुसता ऐकत होता.

आई शेवटची ओळ संपवून थांबली. टाळ्या झाल्या, हिरामावशींनी कनवटीचं पान काढून तोंडात टाकलं. मी चहाचा कप पुढे केला. आई घोट घेत टीव्हीकडे वळली. पडद्यावर ती दुसरी अजून गातच होती, मुकी, मन लावून, मावळणीचं कडवं नुकतंच सुरू केलेलं. खोलीतले सगळे आता तिच्याकडे बघायला लागले, कारण तिचं संपेपर्यंत उठणं बरं दिसलं नसतं. आईने बशीत चहा ओतला, फुंकर मारली, प्यायली. पडद्यावरची बाई एका शब्दावर अडकलेली. आईने पुन्हा ओतला. शेवटी ती हिरामावशींना म्हणाली, "हिची हळद संपेस्तवर सुनंदाला नातवंडं होत्याल."

खोली अशी हसली की कुर्त्यातला तो गृहस्थ हात जोडून परत कधी आला ते कुणाला कळलंच नाही.